मराठी मजकूर छापायला देण्याआधी: अक्षरजुळणीचे शब्द आणि सापळे

आमच्या वाचनालयाला ७५ वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. समितीत रोज लॅपटॉप उघडणारी मी एकटीच, एवढीच माझी पात्रता. ६४ पानं, ५०० प्रती, हातात सहा आठवडे. प्रेसवाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘बॉडी किती पॉइंटात? लेडिंग किती? फाँट युनिकोड आहे ना?’’ मी नुसती मान डोलावली. त्या डोलावण्याची किंमत पुढे मुखपृष्ठावर मोजावी लागली, ते ओघात सांगतेच.

घरी येऊन टायपोग्राफीबद्दल, म्हणजे छापील अक्षरांच्या मांडणीबद्दल, शोधलं तर जे सापडलं ते सगळं रोमन अक्षरांना धरून लिहिलेलं. देवनागरीला त्यातलं अर्धं लागू होतं आणि उरलेलं अर्धं उलटं करून घ्यावं लागतं. कुठलं अर्धं कुठलं, हे कळायला मला दोन महिने लागले. तुम्ही स्मरणिका, कवितासंग्रह, लग्नपत्रिका, सोसायटीचा अहवाल, काहीही पहिल्यांदा जुळवायला बसला असाल तर खालच्या क्रमाने जा.

आधी हे जवळ ठेवा

- मजकूर युनिकोडमध्ये (फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं ती पद्धत, पुढे चौथ्या मुद्द्यात) टाइप केलेला, एकाच फाइलमध्ये, शुद्धलेखन एकदा तपासून.
- परवाना ठाऊक असलेले दोन फाँट. दोनच.
- पानं लावायचं सॉफ्टवेअर: इनडिझाइन, नाहीतर फुकटात स्क्रायबस किंवा लिबरऑफिस.
- घरचा किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा लेझर प्रिंटर.
- स्टीलची पट्टी, लाल पेन आणि वाचायला आवडतं असं एक जुनं मराठी पुस्तक.

ते शेवटचं पुस्तक शोभेला नाही. पट्टी लावून त्याचा समास मोजा, एका पानावरच्या ओळी मोजा, एका ओळीतले शब्द मोजा. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

१. आपली अक्षरं लटकतात, हे डोक्यात पक्कं करा

रोमन अक्षरं खालच्या रेघेवर बसतात. त्या रेघेला बेसलाइन म्हणतात आणि इंग्रजीतली सगळी मोजमापं तिथून सुरू होतात. देवनागरी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. ती दोरी म्हणजे शिरोरेषा. खाली कोण किती उतरतं याला फारसा धरबंध नाही: ‘ग’ एका उंचीवर थांबतो, ‘ट्ट’ त्याच्या खाली जातो आणि ‘ष्ट्र’ त्याहून खाली.

म्हणून ओळीचे तीन मजले समजा. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटीची कमान, रफार आणि अनुस्वार. मधे अक्षराचं अंग. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक चढवलेली जोडाक्षरं. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द घ्या. ‘र्थ्यां’च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोघंही एकाच कान्यावर दाटीवाटीने बसलेत. चांगल्या फाँटात ते शेजारी शेजारी बसतात. वाईट फाँटात अनुस्वार रफाराच्या पोटात शिरतो आणि छपाईत तिथे नुसता शाईचा ठिपका दिसतो.

यातून एक सापळा निघतो. सॉफ्टवेअर दोन वेगळे फाँट एका ओळीत आणताना त्यांची खालची रेघ जुळवतं. शिरोरेषेची उंची मात्र प्रत्येक फाँटात वेगळी असते. परिच्छेदात मधेच एक शब्द दुसऱ्या फाँटात टाकलात की शिरोरेषेला पायरी पडते. ठळक शब्द हवा असेल तर त्याच फाँटाचा बोल्ड घ्या, दुसऱ्या फाँटाचा नको.

२. टाइपफेस, फाँट आणि जाडी

टाइपफेस म्हणजे अक्षरांचं घराणं, फाँट म्हणजे त्यातला एक सदस्य. ‘मुक्ता’ हे घराणं, ‘मुक्ता बोल्ड’ हा त्यातला एक फाँट. रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच फाँट म्हणतो आणि त्याने काही बिघडत नाही.

जाडीला इंग्रजीत वेट म्हणतात: लाइट, रेग्युलर, मीडियम, बोल्ड. मुक्ताच्या सात जाड्या मिळतात, कित्येक मराठी फाँटांना एकच असते. एकच असेल आणि तुम्ही ‘बी’चं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर त्याच अक्षराला बाहेरून शाई फासून जाड करतं. मग ‘ध’, ‘भ’, ‘ङ’ यांच्या गाठी आणि पोकळ्या बुजतात. तिरप्याचं बटण तर मराठी मजकुराला लावूच नका. रोमनमध्ये इटॅलिक ही स्वतंत्र लेखनपरंपरा आहे. देवनागरीत त्या बटणाने उभे दांडे नुसते कलंडतात. पुस्तकांची नावं अवतरणात द्या.

सेरिफ (रेघांच्या टोकांना बारीक पाय असलेली रोमन अक्षरं) आणि सॅन्स-सेरिफ (पाय नसलेली) हा भेदही आपल्याकडे तसाच्या तसा नाही. त्याऐवजी रेघ बघा. रेघेत जाड-बारीक आहे, म्हणजे बोरूची आठवण राहिली आहे, की ती सगळीकडे सारखी आहे? (बोरूचं टोक देवनागरीसाठी रोमनच्या उलट बाजूला तिरकं छाटतात, त्यामुळे आपली जाड रेघ वेगळ्या ठिकाणी येते. शाळेत बोरूने गिरवलेल्यांना हे हातानेच कळतं.) लांब मजकुराला जाड-बारीक रेघ, मथळ्याला आणि तक्त्यांना सारखी रेघ, एवढ्यावर माझं भागलं.

३. फाँटाची परीक्षा घ्या

नमुन्यात ‘कमल नमन कर’ सगळ्याच फाँटांत छान दिसतं. त्यावर विसंबून फाँट घेऊ नका. मी एक ओळ तयार केली आहे, ती खुशाल उचला:

*दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रकूटांचं वाङ्मय, लाल शाल, ह्रस्व, हृदय, उद्ध्वस्त, पट्टी, ॲल्युमिनियम, ऑक्टोबर, दुःख, ४५८९.*

ही ओळ फाँटात टाका, १२ पॉइंटात कागदावर छापा आणि एकेक शब्द बघा.

*दऱ्या.* इथे ‘ऱ्य’ हवा, रफार नको. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दिलेलं निमंत्रण आचाऱ्यांना गेलं, हा विनोद याच एका खुणेवर उभा आहे. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही, म्हणून फक्त हिंदीसाठी तपासलेल्या फाँटात ते हमखास बिघडतं.

*वाङ्मय.* ‘ङ’चं टिंब जागेवर आहे का? नसेल तर ‘वाड्मय’ छापलं जातं. वाचनालयाच्या स्मरणिकेत हा शब्द किती वेळा येतो ते मी मोजलं नाही, पण पहिल्या प्रूफात तो प्रत्येक पानावर ‘ड’ होऊन हसत होता.

*लाल शाल.* मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच म्हटलं आहे. कित्येक फाँटांत हे वळण आत दडलेलं असतं, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही. परिच्छेदाची भाषा ‘हिंदी’ राहिली असेल तर ती ‘मराठी’ करा. पुष्कळदा पानावरचे सगळे ल आणि श एका क्षणात वळण बदलतात. मला ही जादू काम निम्मं झाल्यावर कळली.

*४५८९.* ५, ८ आणि ९ यांचीही दोन वळणं आहेत. आपल्याला सवयीचं मुंबई वळण आहे का ते बघा. ‘झ’ आणि ‘अ’ यांनाही हीच तपासणी लावा.

*उद्ध्वस्त.* ‘द्ध्व’ एकजीव दिसतो की पाय मोडून तीन तुकड्यांत? पाय मोडलेलं रूप चूक नव्हे, पण पुस्तकभर तसं असेल तर वाचताना ठेच लागते.

आता नावं. ‘यशोमुद्रा’ राज्य मराठी विकास संस्थेची. ‘शोभिका’ आयआयटी मुंबईची, संस्कृत उताऱ्यांनाही चालते. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मुंबईच्या ‘एक टाइप’ची, बालू लहान मुलांच्या मजकुराला गोड दिसतो, श्रद्धांजलीच्या पानावर मात्र नको. ‘टिरो देवनागरी मराठी’ नावाप्रमाणेच मराठीसाठी. त्याच घराण्यात हिंदी आणि संस्कृतचे वेगळे फाँट आहेत, ते चुकून उतरवू नका. हे सगळे विनामूल्य मिळतात. विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आलेला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला. पडद्यावर त्याने मराठीची मोठी सोय केली, पण छापील पुस्तकात मला तो विरळ वाटतो.

४. युनिकोड की जुना फाँट?

संगणक नवे होते तेव्हा मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून चालत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये ‘क’ हा कुठल्याही फाँटात ‘क’च असतो. कितीतरी छापखाने आजही जुन्या पद्धतीवर वेगाने काम करतात, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तुमचा मजकूर तिकडून इकडे रूपांतर करून आला असेल तर चार गोष्टी डोळ्यांनी तपासा: ‘ऱ्य’चा ‘र्य’ झालाय का, रफार एक अक्षर पुढेमागे सरकलाय का, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटलीय का, आणि ‘ॲ’च्या जागी ‘अ’ किंवा चौकट आलीय का. एका ज्येष्ठ लेखकांचा लेख असाच रूपांतर होऊन आला होता. त्यात ‘सातार्याच्या’ हे १९ वेळा होतं.

दुसरा घोटाळा सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला हवा. साधा कंपोझर जोडाक्षरं तोडतो आणि वेलांट्या विस्कटतो. स्क्रायबस घेणार असाल तर १.५.३ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या, त्याआधीच्यांना आपली लिपी जुळवता येत नव्हती. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या वेगळ्या रकान्यात ठरतो. स्टाइलमध्ये वरच्या रकान्यात फाँट बदलून ‘काहीच होत नाही’ म्हणून मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

५. पॉइंट आणि लेडिंग

एक इंचात ७२ पॉइंट, म्हणजे एक पॉइंट साधारण ०.३५ मिलिमीटर. पण १२ पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, काळात ती खिळ्याच्या धातूच्या अंगाची उंची होती आणि अक्षर त्या अंगावर उठावात ओतलेलं असे, कधी ऐसपैस, कधी आखडून. आजही मोजमाप तेच आहे, फक्त धातू गेला. त्यामुळे एका फाँटाचे १२ आणि दुसऱ्याचे १२ शेजारी ठेवले तर मामा-भाचे वाटतात. आकडा विसरा, छापून बघा. पुस्तकाच्या मुख्य मजकुराला (प्रेसवाल्यांची ‘बॉडी’ ती हीच) मी ११ ते १३च्या मधे राहते. वाचकवर्ग साठीपुढचा असेल तर १३ किंवा १४.

लेडिंग म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवत, आणि शिसं म्हणजे लेड, म्हणून लेडिंग. ‘लीडिंग’ म्हणालात तर प्रेसवाले काही बोलणार नाहीत, पण एकमेकांकडे बघतील.

सॉफ्टवेअर स्वतःहून लेडिंग ठरवतं ते रोमनच्या हिशोबाने: इनडिझाइनमध्ये १२० टक्के, म्हणजे १२ला १४.४. देवनागरीत वरच्या ओळीतल्या ‘राष्ट्रकूट’चा ऊकार आणि खालच्या ओळीतल्या ‘विद्यार्थ्यांनी’चा रफार तेवढ्या जागेत एकमेकांना भिडतात. बहुतेक फाँटांना १४० ते १५० टक्के लागतात: १२ला १७ किंवा १८. प्रेसमध्ये हे ‘बारावर अठरा’ असं सांगतात. कागद वाचवण्यासाठी कोणी लेडिंग कमी करायला सांगितलं तर लेडिंगला हात लावू नका, एखादा शुभेच्छा-संदेश कमी करा.

६. अक्षरांमधली जागा, आणि माझं मुखपृष्ठ

दोन विशिष्ट अक्षरांमधलं अंतर सावरणं म्हणजे कर्निंग. सगळ्या अक्षरांमधलं अंतर सरसकट कमीजास्त करणं म्हणजे ट्रॅकिंग.

स्मरणिकेचं नाव होतं ‘पाऊणशे’. मुखपृष्ठावर ते ऐसपैस दिसावं म्हणून मी इंग्रजी मासिकांसारखं ट्रॅकिंग वाढवलं. पडद्यावर मला ते भारदस्त वाटलं. छापून आलं तेव्हा शिरोरेषेचे तुकडे झाले होते: पा, फट, ऊ, फट, ण, फट, शे. तोरणातली पानं सुटावीत तसं. आमच्या अध्यक्षांनी प्रत हातात घेऊन शांतपणे विचारलं, ‘‘हे कापताना झालं का?’’ ५०० मुखपृष्ठं छापून झाली होती. प्रेसची चूक काहीच नव्हती. मी दिलं तेच त्यांनी छापलं.

तर देवनागरीला ट्रॅकिंग शून्य. मथळा रुंद हवा असेल तर आकार वाढवा किंवा मुळातच रुंद असलेला फाँट घ्या. उणे ट्रॅकिंगही नको, त्याने काना शेजारच्या अक्षरात घुसतो. (शिरोरेषा मुद्दाम उडवून केलेली बोधचिन्हं असतात, ती हाताने रेखाटलेली असतात. तो वेगळा खेळ.)

७. ओळीची लांबी आणि दोन्ही कडा

ए-५ पानाला (१४८ बाय २१० मिलिमीटर) आतला समास १८, बाहेरचा १४ मिलिमीटर धरला तर १२ पॉइंटात ओळीत साधारण आठ ते अकरा शब्द बसतात. वाचायला हे सुखाचं आहे.

दोन्ही कडा सरळ करणं म्हणजे जस्टिफाय. आपले शब्द प्रत्यय घेत घेत लांब होतात. ‘वाचनालयाच्यासुद्धा’ ओळीत मावला नाही की अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत भोकं पडतात. अशी भोकं चार-पाच ओळींत एकाखाली एक आली की पानावर पांढरे ओघळ दिसतात, त्यांना नद्या म्हणतात. पान डोळे बारीक करून बघा, लगेच दिसतील. पूर्ण रुंदीच्या मजकुराला जस्टिफाय चालतं. दोन स्तंभांच्या पानाला डावी कड सरळ आणि उजवी मोकळी सोडा. जुन्या पिढीला ते अपुरं वाटतं. आमच्याकडे त्यावरून बैठकीत अर्धा तास गेला.

परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या डोक्यावर गेली तर तिला विडो म्हणतात, पहिली ओळ एकटीच पानाच्या तळाशी राहिली तर ऑर्फन. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींसाठी ‘किमान दोन ओळी’ असं ठरवून टाका.

८. बारीक चिन्हं, मोठी लाज

विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन नको. ‘दुःख’ कोलनने लिहिलं की सॉफ्टवेअर त्याचे दोन तुकडे समजतं आणि ओळ संपताना ‘ख’ खाली ढकलू शकतं. ‘ऐकाऽऽ’मधल्या अवग्रहासाठी इंग्रजी ‘एस’ दाबू नका. संयोगचिन्ह छोटं, अपसारणचिन्ह (डॅश) लांब. ‘१९४८–२०२३’ला मी लांब वापरते. अवतरणं वळलेली घ्या, सरळ टिकल्या नकोत. आकडे देवनागरी की इंग्रजी, ते एकदाच ठरवा आणि पृष्ठक्रमांकांनाही तेच लावा. आमच्या अनुक्रमणिकेत देवनागरी आणि पानावर इंग्रजी असं होऊन बसलं होतं.

९. प्रूफ आणि पीडीएफ

प्रूफ पडद्यावर वाचू नका. छापा, आणि मजकूर न टाइप केलेल्या माणसाला द्या. आमच्या ग्रंथपालबाई उलट्या क्रमाने, शेवटच्या पानापासून वाचत. अर्थामध्ये मन गुंतलं नाही की अक्षर दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

पीडीएफ करताना फाँट आत समाविष्ट झालेत ना ते फाइलच्या माहितीत बघा. मुखपृष्ठाला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग कापण्यासाठी सोडा. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा, चार रंग मिसळून केलेला नको. ठसा जरा सरकला की अनुस्वाराला रंगीत सावली पडते. पिनांनी शिवणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं) किती पानांचा, ते प्रेसला आधीच विचारा.

आणि प्रेसमधून मुखपृष्ठाचं प्रूफ सहीला आलं की ते उजेडात धरा, मथळ्याच्या शिरोरेषेवरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवा, मगच पेन उघडा. सहीखाली तारीखही घाला. प्रूफं तीन-तीन निघतात आणि कुठलं पास केलं ते आठ दिवसांनी कोणालाच आठवत नाही.